यादी असू द्या, पण निमंत्रणात नको

पत्र:

नमस्कार ताई,

घोडबंदर रोडला, कासारवडवलीत आम्ही टू बीएचके घेतला. ताबा गणपतीच्या आधी मिळाला, वास्तुशांत मार्गशीर्षात आहे. सकाळी पूजा आणि जेवण नातेवाइकांसाठी, आणि पुढच्या शनिवारी संध्याकाळी ऑफिसमधल्या व कॉलेजच्या मित्रमंडळींसाठी छोटी पार्टी, असा बेत आहे. हप्ता सुरू झालाय, किचनच्या ट्रॉल्यांनीच बजेट खाल्लं, त्यामुळे घरात अजून बऱ्याच गोष्टी यायच्या आहेत. लग्नात आम्हाला भिंतीवरची सहा घड्याळं आणि चार लेमन सेट मिळाले होते. त्यातले निम्मे आजही सासरच्या माळ्यावर पडून आहेत. म्हणून या वेळी मी एका शॉपिंग साइटवर आम्हाला खरोखर हव्या असलेल्या वस्तूंची यादी केली: मिक्सर, एअर फ्रायर, डिनर सेट, रोबो व्हॅक्यूम वगैरे. तिची लिंक व्हॉट्सअ‍ॅपच्या निमंत्रणात टाकणार होते. माझी अमेरिकेतली मैत्रीण म्हणते की तिकडे अशी भेटींची यादी, म्हणजे रजिस्ट्री, सगळेच करतात. सासूबाईंना कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आपण लोकांना जेवायला बोलावतोय की त्यांच्यापुढे हात पसरतोय?" नवरा म्हणतो, सरळ "आहेर स्वीकारला जाणार नाही" लिहू आणि विषय संपवू. मला तेही पटत नाही. गावचे चुलत सासरे खेडहून येतील ते काही रिकाम्या हाताने यायचे नाहीत. माझं नेमकं चुकतंय कुठे?

– एक वाचक, ठाणे

उत्तर:

नमस्कार,

आधी नव्या घरासाठी मनापासून शुभेच्छा. हप्ता, स्टॅम्प ड्युटी, ट्रॉल्या, पडदे या सगळ्यातून जाऊन माणूस वास्तुशांतीपर्यंत पोचतो तेव्हा त्याच्याकडे उत्साह असतो आणि पैसे नसतात. अशा वेळी येणारी भेट उपयोगाची असावी असं वाटणं हावरटपणा नाही.

तुम्ही यादी केलीत यात काही चुकलेलं नाही. ती निमंत्रणात गेली तर मात्र चुकेल.

आपल्याकडे यादी नवीन नाही. लग्न ठरलं की मुलीच्या मावश्या, आत्या, काकू आपसात ठरवायच्या: कुकर मी देते, तू पिंप घे, धाकटीला कळशी परवडेल. स्टेशनजवळच्या भांड्यांच्या दुकानात जाऊन वस्तू घ्यायची, तिथेच मशीनवर नाव आणि तारीख कोरून घ्यायची. आजही कित्येक घरांत पातेल्याच्या काठावर कुणाकडून कुणाला आणि कधी, ते वाचता येतं. त्या घरांत दोन कुकर क्वचितच यायचे, कारण कुणीतरी एक बाई सगळ्यांचा हिशेब डोक्यात ठेवून असायची. ज्याला विचारायचं असेल तो तिला विचारायचा. ज्याला विचारायचं नसेल, त्याला अशी काही यादी आहे हे कळायचंही नाही. तो आपल्या मनाने साडी, नारळ, पाकीट, जे जमेल ते घेऊन यायचा आणि तेवढ्याच मानाने पंगतीला बसायचा.

निमंत्रणातली लिंक नेमकी हीच सोय काढून घेते. ती सगळ्यांना एकाच वेळी, न विचारता, किमतीसकट दिसते. तुमच्या मनात "सोयीसाठी दिलंय" असतं, पण वाचणाऱ्याला ती आत येण्याची अट वाटू शकते. ऐरोलीत माझ्या ओळखीच्या एका घरी असंच झालं. निमंत्रणाखाली लिंक होती आणि यादीतली सगळ्यांत स्वस्त वस्तू दोन हजारांच्या वर होती. यजमानांचे एक निवृत्त काका ती पाहून आलेच नाहीत. तब्येत बरी नाही म्हणून कळवलं. यजमानांना आजही तेच खरं वाटतं. मला खरं कारण काकूंनी बऱ्याच दिवसांनी सांगितलं, तेही सहज बोलता बोलता. अशा यादीने केलेलं नुकसान यजमानांना दिसत नाही, याचंच मला जास्त वाईट वाटतं. नाराज झालेला माणूस भांडायला येत नाही. तो फक्त येत नाही.

आता तुमच्या चुलत सासऱ्यांचा विचार करा. ते खेडहून गाडीने ठाण्याला उतरतील तेव्हा त्यांच्या पिशवीत घरचे तांदूळ असतील, आमसुलं असतील, दोन-चार नारळ नक्की असतील. ती भेट कुठल्याही साइटवर मिळत नाही. निमंत्रणात एअर फ्रायरचा फोटो पाहून त्या माणसाला आपली पिशवी कमी वाटली, तर तुमची पूजा कितीही नीट झाली तरी काहीतरी राहून गेलेलं असेल.

तुमच्या अमेरिकेतल्या मैत्रिणीचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. तिकडे ही पद्धत मोठ्या दुकानांनी रुजवली. १९२४ साली शिकागोच्या मार्शल फील्ड्स या दुकानाने लग्न ठरलेल्या मुलींसाठी अशी नोंद सुरू केली. मुलीने चिनी मातीची कुठल्या नक्षीची भांडी निवडली, चांदीचे काटे-चमचे कोणते निवडले, ते दुकानात लिहून ठेवलेलं असायचं. पाहुणा चौकशी करी, आणि काय बाकी आहे ते त्याला कळे. म्हणजे तिथेही आधी पाहुणा विचारत होता. रीतभात पाळणारी माणसं तिकडे आजही लग्नाच्या छापील पत्रिकेत यादीचा उल्लेख करत नाहीत. तो जवळच्यांकडून तोंडी कळतो किंवा वेगळ्या वेबसाइटवर असतो. आणि हे झालं लग्नाचं. नव्या घराच्या पार्टीसाठी रजिस्ट्री करावी की नाही, यावर तिकडेही सगळ्यांचं एकमत नाही. आपणच आपल्या घरी बोलवायचं आणि आपणच भेट काय आणायची ते सांगायचं, हे तिथल्याही अनेकांना खटकतं. अशा वेळी तिकडचा पाहुणा रोपटं, वाइनची बाटली किंवा घरी केलेलं काही खायला घेऊन जातो. काही समाजांत नव्या घरी ब्रेड आणि मीठ न्यायची जुनी रीत आहे. तेव्हा "तिकडे सगळेच करतात" एवढ्यावर विसंबू नका.

मग यादीचं करायचं काय? ती माणसांच्या हाती सोपवा. माहेरच्या बाजूला तुमची बहीण किंवा वहिनी, मित्रमंडळींत एखादी जवळची मैत्रीण, आणि सासरच्या बाजूला स्वतः सासूबाई. हो, सासूबाईच. चुलत सासूबाईंचा फोन आला तर तो त्यांनाच येणार आहे. "पोरांना काय हवंय गं?" असं त्या तुम्हाला कधीच विचारणार नाहीत, जावेलाच विचारतील. तेव्हा सासूबाईंकडे यादी असली तर त्या माणूस बघून उत्तर देतील. एकीला "चहाचे कप घेऊन ये" म्हणतील, दुसरीला "तू फक्त ये, पुरणाला हात लाव" म्हणतील. कुणाला काय सांगायचं, याची जी जाण त्यांना आहे ती लिंकमध्ये घालता येत नाही.

त्यांच्याशी बोलताना "यादी टाकू का नको" हा वाद पुन्हा उकरून काढू नका. त्यांनी हात पसरण्याचा शब्द वापरला तो तुम्हाला लागला असेल, पण त्यांची भीती खरी आहे. त्यांच्या पिढीत एखाद्या घराने काय मागितलं, हे चार घरांत वर्षानुवर्षं बोललं जायचं. एवढंच म्हणा: "आई, निमंत्रणात काही घालत नाही. पण लोक विचारतीलच, तेव्हा तुम्ही काय सांगाल? मी दहा गोष्टी लिहून देते, त्यातलं काय कुणाला सांगायचं ते तुम्ही ठरवा." माझी खात्री आहे की त्यांचा विरोध भेटींना नाही, जाहिरातीला आहे.

तुम्हाला थेट कुणी विचारलं तर? आपल्याकडे "काय आणू?" हा प्रश्न दोनदा येतो. पहिल्यांदा तो रीत म्हणून येतो आणि त्याला "काही नको, तुम्ही सगळे या" हेच उत्तर शोभतं. तेवढ्यावर समोरचा थांबला तर तुम्हीही थांबा. पण जवळचा माणूस पुन्हा म्हणतो, "अगं खरंच सांग, नाहीतर मी काहीतरी उचलून आणीन." तेव्हा पुन्हा "नको" म्हणणं हा विनय राहत नाही, तो विचारणाऱ्याला त्रास होतो. त्या वेळी खरं सांगा. फक्त एकच वस्तू सांगू नका, दोन-तीन सांगा, आणि त्यांच्या किमतींत अंतर ठेवा: "बघ, पोळ्यांचा डबा नाहीये, बाल्कनीला कुंड्या हव्यात, किंवा बेडशीट चालेल." निवड त्याच्या हातात राहते आणि किमतीचा शब्दही निघत नाही. कंपनीचं नाव आणि मॉडेल तोंडाने सांगू नका. मागे लागून विचारलंच तर तेव्हा लिंक पाठवा, त्या एकाच माणसाला.

यादीही जरा नव्याने करा. तुम्ही लिहिलेल्या चारही वस्तू खर्चिक आहेत. रोबो व्हॅक्यूम तर काढूनच टाका. तो तुमचा तुम्ही बोनस झाल्यावर घ्या. त्याऐवजी नव्या घरात पहिल्या महिन्यात ज्यांच्यावाचून अडतं त्या वस्तू लिहा: मिसळणाचा डबा, चाळण्या, कढईवर बसणारं झाकण, एक्स्टेन्शन बोर्ड, पायपुसणी, दारामागचे हूक, टॉर्च, पाहुण्यांसाठी जादा उशा, देवघरातली समई, कढीपत्त्याचं रोप. दोनशे-तीनशे रुपयांपासूनच्या वस्तू निम्म्याहून जास्त असू द्या. छोटी वस्तू देणाऱ्याला आपली भेट रोज हाताळली जाणार याचा आनंद असतो, आणि तो आनंद कमी समजू नका.

साइटवरच्या यादीबद्दल दोन व्यवहाराच्या गोष्टी. ती सगळ्यांना शोधता येईल अशी उघडी ठेवू नका, ज्यांना लिंक पाठवाल त्यांनाच दिसेल असं सेटिंग करा, आणि घरचा पत्ता किती दिसतो तेही एकदा तपासा. दुसरं म्हणजे, कुणी तीच वस्तू गोखले रोडच्या दुकानातून घेतली तर साइटला ते कळणार नाही. ती यादीतून तुम्हालाच काढावी लागेल. यादी सांभाळणाऱ्या तिघी एकमेकींच्या संपर्कात असणं म्हणूनच गरजेचं आहे.

शनिवारच्या पार्टीला नियम थोडे सैल आहेत. मित्रमैत्रिणी एकमेकांना "वर्गणी काढायची का?" असं विचारतातच. दहा जणांनी पाचशे-पाचशे काढले तर पाच हजारांत चांगला मिक्सर येतो, आणि माळ्यावर जाणाऱ्या दहा शोभेच्या वस्तू वाचतात. पण वर्गणीचा विषय तुमच्याकडून निघू नये. त्यांच्यातल्या एकाने तुम्हाला बाजूला विचारलं की त्यालाच सांगा, पुढचं तो बघेल. तुम्ही स्वतः ज्या ग्रुपमध्ये आहात तिथे लिंक टाकू नका. तिथे कुणी नुकतीच नोकरी गमावलेला असतो, कुणी स्वतः घराच्या हप्त्यात अडकलेला असतो, आणि सगळ्यांसमोर "मी नाही" म्हणणं त्याला जड जातं.

आता तुमच्या यजमानांचं म्हणणं. "आहेर स्वीकारला जाणार नाही" हे वाक्य छापायला हरकत नाही, पण ते मनापासूनचं असेल तरच. छापलंत तर मग यादी कुणाकडेही नको, बहिणीकडे नको आणि मैत्रिणीकडेही नको. एकीकडे नको म्हणायचं आणि दुसरीकडे कुजबुजत सांगायचं, हे लोकांच्या लगेच लक्षात येतं. तुम्हाला खरं तर भेटी चालणार आहेत, तेव्हा ते वाक्य लिहू नका. काहीच न लिहिणं हा सगळ्यांत स्वच्छ मार्ग आहे. आणि ज्यांच्या निमंत्रणात ते वाक्य असतं त्यांनीही आजीने हातात ठेवलेलं, एक रुपयाचं नाणं चिकटवलेलं पाकीट परत करू नये. ते घ्यावं आणि वाकून नमस्कार करावा.

पूजेला बसणाऱ्या जोडप्याला माहेरून कपड्यांचा आहेर येतो, त्याला यादीच्या वाटेला जाऊ देऊ नका. आईने घेतलेल्या साडीचा रंग तुम्हाला आवडला नाही तरी पूजेत तीच नेसा. त्या आहेरात तुमच्या सोयीचा प्रश्न नसतो, त्यात माहेरचा मान असतो.

हल्ली काही निमंत्रणांत क्यूआर कोड दिसतो. तो कृपा करून नको. पाकीट माणूस स्वतःहून देतो, क्यूआर कोड त्याच्याकडे मागतो. पैशांबाबत एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते, म्हणून सांगते. लग्नात मिळालेल्या भेटींवर आयकर लागत नाही. वास्तुशांतीला ही सूट नाही. कायद्याने नातेवाईक न ठरणाऱ्या माणसांकडून एका आर्थिक वर्षात भेट म्हणून आलेली रक्कम एकूण ५०,००० रुपयांच्या वर गेली, तर ती सगळीच रक्कम तुमच्या उत्पन्नात धरली जाते, फक्त वरची नाही. आई-वडील, सासू-सासरे, सख्खी भावंडं, काका, मामा, आत्या, मावशी हे कायद्याच्या व्याख्येत नातेवाईक आहेत, पण चुलत, मामे आणि मावस भावंडं त्यात बसत नाहीत. साध्या पाकिटांची बेरीज सहसा तिथवर जात नाही. पण एखादा मावसभाऊ प्रेमाने मोठी रक्कम खात्यात टाकणार असेल, तर आधी सीएला विचारा.

भेटी आल्यानंतरचं वागणं हे यादीइतकंच महत्त्वाचं आहे आणि त्याबद्दल कुणी विचारत नाही. वास्तुशांतीच्या दिवशी पाकिटं-पुडकी सगळ्यांसमोर उघडू नका. मित्रांच्या पार्टीत उघडायचा आग्रह झाला तर हरकत नाही, पण मग सगळ्यांची उघडा आणि सारख्याच आनंदाने उघडा. कुणी काय दिलं ते त्याच रात्री वहीत लिहा. पुढे त्यांच्या घरी कार्य निघेल तेव्हा ही वही लागते. आकड्याला आकडा जुळवायचा म्हणून नव्हे, कुणी आपली किती आठवण ठेवली ते विसरू नये म्हणून. मिक्सर किंवा ओव्हन आला असेल तर वॉरंटीसाठी बिल लागतं. ते मागायला संकोच नको: "रोज वापरतोय, बिलाचा फोटो पाठवशील का, वॉरंटीला ठेवते" असं म्हटलं की देणाऱ्यालाही बरं वाटतं. यादी असूनही एखादी वस्तू दोनदा येईलच. बदलून घेता आली तर घ्या, नाहीतर गरज असलेल्या घरी द्या, पण ज्याने दिली त्याच्याच गोतावळ्यात ती फिरू देऊ नका. मोठ्यांना फोन करून आभार माना. वस्तूचं नाव घेऊन माना. "गिफ्टबद्दल थँक्यू" असा एकच मेसेज सगळ्यांना पाठवू नका. "काका, तुमच्या तांदळाचा भात काल केला" हे ऐकायला माणूस खेडला फोनजवळ बसलेला असतो.

तुमच्या घरी कामाला येणाऱ्या ताईंना आणि तुमच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनाही बोलवा. त्यांच्यापर्यंत भेटीगाठींची चर्चा पोचू देऊ नका. आलेल्या प्रत्येक बाईची निघताना ओटी भरा आणि सगळ्यांना तोच ब्लाउजपीस द्या. कुणी काय आणलं त्यावरून उजवं-डावं करू नका.

निमंत्रणाचा मजकूर तुम्ही मागितला नव्हता, तरी देते, म्हणजे लिंक टाकायला जागाच उरणार नाही:

"सप्रेम नमस्कार. आमच्या नव्या घराची वास्तुशांत अमुक तारखेला आहे. सकाळी नऊला पूजा, साडेबारापासून जेवण. आपण सहकुटुंब यावं आणि घराला आशीर्वाद द्यावेत. ठाणे स्टेशनहून पश्चिमेला उतरून घोडबंदर रोडची टीएमटी बस किंवा शेअर रिक्षा मिळेल, कासारवडवलीला उतरावं. गाडीने येणाऱ्यांनी पाहुण्यांच्या पार्किंगसाठी गाडीचा नंबर आदल्या दिवशी कळवावा. कुणाला स्टेशनवर घ्यायला यायला हवं असेल तर निःसंकोच सांगा."

ते शेवटचं वाक्य काढू नका. घोडबंदर रोडचं ट्रॅफिक आणि गेटवरची नोंद यात वयस्कर माणसं गोंधळतात. त्या दिवशी सकाळी यजमान पूजेत असतील, म्हणून एखाद्या भाच्याला गाडी घेऊन स्टेशनवर पाठवायचं आजच ठरवा, आणि त्याचा नंबर खेडला कळवा.